जिवंत साहेबांची शोकसभा

लेक: मग बोट कुठून आलं? तेवढंच सांगा.

बाप: कुठलं बोट?

लेक: तुमच्या पुस्तकातलं. सातव्या प्रकरणातलं. अध्यक्ष खुर्चीत डोळे मिटून पडलेत, पोटावर हात, आणि एकेक कर्मचारी समोर उभा राहून त्यांच्या मरणाचं भाषण करतोय. वाक्य आवडलं की अध्यक्ष एक बोट वर करतात. म्हणजे ते वाक्य पुन्हा वाचायचं. हे बोट कुणी सांगितलं तुम्हाला?

बाप: सांगायला कशाला लागतं कुणी? डोळे मिटलेत, मेल्याचं सोंग घेतलंय, तोंड उघडायची सोय नाही. मग माणूस हलवणार काय? शेपूट? बोटच उरतं.

लेक: आप्पा, थट्टा नको.

बाप: थट्टा कसली? साधी अडचण होती लिहिताना, ती सोडवली.

लेक: आमच्या ऑफिसातलं कुणी भेटलं होतं का? शिपाई, टायपिस्ट, कुणीही?

बाप: तुझ्या ऑफिसची पायरी मी चढलेलो नाही. चढणारही नाही. मला अशी एक गोष्ट हवी होती, जी जगाच्या पाठीवर कुठलाही अध्यक्ष करणार नाही. गाढवातलं गाढवसुद्धा करणार नाही. कितीतरी दिवस डोकं खाजवलं. मग सुचलं, हा गडी स्वतःची शोकसभा जिवंतपणी भरवतो. दर शनिवारी. स्वतः ऐकतो, मार्क देतो. सुचल्यावर एकटाच असा हसलो की तू आतून ओरडलीस, काय झालं म्हणून.

लेक: आठवतंय. मी भाजी चिरत होते.

बाप: मग तेव्हाच का नाही आलीस उलटतपासणी घ्यायला?

लेक: कारण तुम्ही म्हणालात, काही नाही. तुमचं कायमच काही नाही असतं. पुस्तक छापून आलं की आम्हाला कळतं घरात काय चाललं होतं.

बाप: बरं, झालं काय एवढं? लोक हसतायत ना? हसू दे.

लेक: कुणी हसत नाहीये. फायलीच्या आत पुस्तक घालून वाचतात, आणि मी गेले की फाइल मिटतात. काल कॅशियरबाई मला म्हणाल्या, धाडस आहे हो तुझं.

बाप: तुझं कसलं धाडस? लिहिलं मी.

लेक: आप्पा, ते खरं आहे.

बाप: काय खरं आहे?

लेक: सगळं. शनिवारी ऑफिस सुटलं की साहेब केबिनचं दार लावून घेतात. खुर्ची मागं पाडतात, डोळे मिटतात. आणि तुमच्या एकेका कर्मचाऱ्याच्या जागी मी एकटीच समोर उभी राहून वाचते. ‘आज आपले लाडके अध्यक्ष आपल्यात नाहीत.’ सहा वर्षं झाली. दाराबाहेर नुसती कुजबुज जायची, कुणाला अर्थ लागत नव्हता. तुमच्या पुस्तकानं लावून दिला.

बाप: उगाच काहीतरी सांगतेस.

लेक: मी तुमच्यावर गेलेली नाही.

बाप: आणि बोट?

लेक: उजव्या हाताचं. तुम्ही डावं लिहिलंय. बोटात तेवढीच चूक.

बाप: उजव्या हाताचं!

लेक: हसू नका.

बाप: हसत नाही ग. म्हणजे हसतोय, पण हे वेगळं हसू आहे. अरे, मी कल्पना ताणून ताणून जिथं पोचलो, तिथं हा माणूस आधीच खुर्ची टाकून पडलाय! मी काय लिहू आता? सांग ना. अतिशयोक्ती म्हणून जे लिहावं ते वार्ताहराचं काम होऊन बसतं.

लेक: तुम्हाला त्याचं पडलंय?

बाप: मग कशाचं पडावं? तीस वर्षं छापखान्यात खिळे जुळवले मी. पुढाऱ्यांची भाषणं, शेठजींचे गौरवग्रंथ, कुणाकुणाची आत्मचरित्रं. सगळी उलट्या अक्षरांत. खोटं उलटं वाचलं की नीट दिसतं, एवढं एकच शिक्षण झालं माझं.

लेक: त्या शिक्षणाचा दाखला मला नोकरीच्या अर्जाला जोडता येईल का? कारण अर्ज करावे लागणार आहेत. हे जे छप्पर आहे ना आप्पा डोक्यावर, ते साहेबांच्या स्वीय सहायकाला मिळतं. तुमच्या लेकीला नाही. काल शनिवार होता. काल त्यांनी मला आत बोलावलं नाही. सहा वर्षांत पहिल्यांदा. आत एकटे बसले होते, समोर तुमचं पुस्तक. निघताना एवढंच विचारलं, वडील रविवारी घरी असतात ना?

बाप: असतात म्हणालीस?

लेक: मग काय, गेले म्हणू?

बाप: सरळ सांगायचं त्यांना. बाप म्हणतो, रचलेलं आहे.

लेक: ते तर मुळीच सांगायचं नाही. कुणी फोडलं असेल तर एक मी वाईट. पण घरबसल्या कुणालाही सुचलं असेल, तर मग त्यांना बघितल्यावर हेच सुचतं असा अर्थ होतो. मला एकवेळ माफ करतील. ते कसं सहन करतील?

बाप: हे चांगलं बोललीस.

लेक: लिहून घेऊ नका!

(दारावरची बेल वाजते. लेक दार उघडते.)

ड्रायव्हर: नमस्कार मॅडम. काका आहेत ना?

लेक: आहेत. या. आप्पा, हे साहेबांच्या गाडीवर असतात.

ड्रायव्हर: बसत नाही, गाडी गेटात आडवी लावलीय. आत जागा नव्हती. साहेब म्हणाले, घेऊनच ये.

बाप: कुणाला? हिला की मला?

ड्रायव्हर: तुम्हाला काका. मॅडमचं काही बोलले नाहीत.

लेक: चिडलेत का?

ड्रायव्हर: चिडले असते तर बरं झालं असतं मॅडम. चिडलेला साहेब मला चालवता येतो. रडलेत.

बाप: रडले?

ड्रायव्हर: काल घरी जाताना. मागं पुस्तक वाचत होते. एकदम हुंदका. मी आरशात बघितलं आणि पटकन आरसा वर केला. मग म्हणाले, गाडी बाजूला घे आणि हे वाच. म्हटलं साहेब, माझं वाचन जेमतेम. म्हणाले, जेमतेमच पाहिजे, असं वाच की तुलाच वाटतंय.

बाप: काय वाचलंस?

ड्रायव्हर: ते शिपाई बोलतो ना शेवटी, ते. ‘साहेब एवढे मोठे होते, की ते खोलीत यायच्या आधी त्यांचा मोठेपणा आत यायचा, आणि आम्हाला बाहेर जावं लागायचं.’

बाप: अरे, ती टिंगल आहे! त्या माणसामुळं खोलीत दुसऱ्याला श्वास घ्यायला जागा नाही, असा अर्थ आहे त्याचा!

ड्रायव्हर: मला पण तसंच वाटलं काका. हसू येत होतं. पण मागं साहेब रडत होते. पुढं बसणाऱ्यानं हसावं की रडावं, याचं आम्हाला काही शिकवलेलं नसतं. वाचलं, तर त्यांनी बोट वर केलं. मला कळेना, काय पाहिजे म्हणून. काच खाली केली.

लेक: परत वाचायचं असतं.

ड्रायव्हर: हो, ते नंतर कळलं. मग निघालो तरी सिग्नलला पुन्हा. मागच्या गाडीवाल्यानं आईवरून शिव्या घातल्या. सिग्नल कधीचा हिरवा झालेला, पण साहेबांचं बोट वरच.

बाप: आणि मी कशाला पाहिजे? सही घ्यायला?

ड्रायव्हर: ते… मॅडम, तुम्हीच सांगा ना.

लेक: मला काय माहीत? काल मला आत घेतलं नाही.

ड्रायव्हर: साहेब बाईसाहेबांना फोनवर सांगत होते. मला कुणी सांगितलेलं नाही हां. माझं तोंड पुढं असतं, पण कान काही बंद करता येत नाहीत. म्हणाले, इतकी वर्षं ही पोरगी वाचतेय, पण बापाच्या हातात जे आहे ते हिच्या हातात नाही. आता दर शनिवारी लेखक स्वतः येतील. नवीन लिहून आणतील, उभं राहून म्हणतील. संस्थेचे सल्लागार म्हणून पाटीही लावणार आहेत तुमच्या नावाची.

बाप: आणि लेखक म्हणाला, गेलास उडत, तर?

ड्रायव्हर: काका, मी नोकर माणूस.

बाप: तर काय?

ड्रायव्हर: तर मॅडम सोमवारपासून जुन्या फायलींच्या गोदामात. आणि गोदामवाल्यांना क्वार्टर नसतं. हे पण फोनवरच. अगदी शांतपणे म्हणाले, डोळे पुसत पुसत.

बाप: वा. म्हणजे रडता रडता गळा कसा दाबायचा हेही येतं. हे मला सुचलं नव्हतं.

ड्रायव्हर: मी खाली थांबतो. ऐका, हॉर्न द्यायला लागले लोक. कुणाला बाहेर पडता येत नसणार. काका, जरा लवकर करा. आणि… रागावू नका, पण पुस्तक छान आहे. आमच्या घरात पण वाचतायत.

बाप: जा बाबा, जा. दार ओढून घे.

लेक: ‘हिच्या हातात नाही.’

बाप: काय?

लेक: ऐकलंत ना? बापाच्या हातात जे आहे ते हिच्या हातात नाही. सहा वर्षं, आप्पा. दर आठवड्याला नवीन. एक वाक्य पुन्हा वापरलं नाही. तापात लिहिलं. तुमचं ऑपरेशन होतं त्या दिवशी दवाखान्याच्या जिन्यात बसून लिहिलं.

बाप: अगं, तुला याचं वाईट वाटतंय? सुटलीस ना! आनंद मान.

लेक: तुम्हाला नाही कळायचं.

बाप: तू लिहायचीस, हेच मला ठाऊक नव्हतं. मला वाटलं, तो देत असेल लिहून.

लेक: विचारलंत कधी?

बाप: एखादं म्हण बघू.

लेक: आत्ता? खाली गाडी उभी आहे.

बाप: उभी राहू दे. म्हण.

लेक: ‘साहेबांनी आयुष्यात कुणाचं ऐकलं नाही, म्हणून त्यांच्या कानावर कधी वाईट पडलं नाही.’

बाप: आणखी एक.

लेक: ‘साहेब गेले आणि संस्थेतली प्रत्येक खुर्ची पोरकी झाली. कारण कुणी रजेवर गेलं की साहेब त्याच्या खुर्चीत बसून बघत, ती आपल्यापेक्षा मऊ तर नाही ना.’

बाप: पोरी! हे तू त्याच्या तोंडावर वाचलंस?

लेक: मिटलेल्या डोळ्यांवर.

बाप: अगं, हे माझ्यापेक्षा धारदार आहे. मी एवढी मोठी कादंबरी लिहिली, तू एका वाक्यात त्याचं कातडं सोललंस. आणि त्यानं काय केलं?

लेक: बोट वर केलं.

बाप: अरे देवा.

लेक: पहिल्या वर्षी मुद्दाम लिहायचे. वाटायचं, आज तरी कळेल. आज तरी डोळे उघडून चालती हो म्हणतील. मी एकदा लिहिलं, ‘साहेब गेले तेव्हा सगळ्यांना एकच प्रश्न पडला, आधी का नाही?’ ते म्हणाले, हे फार आतून आलंय. नंतर नंतर मलाच कळेना झालं. मी टोचतेय की ओवाळतेय. तुम्हाला सांगू, काही शनिवारी माझ्या डोळ्यांत पाणी पण यायचं.

बाप: त्याच्यासाठी?

लेक: काय माहीत कुणासाठी.

बाप: सोड ती नोकरी.

लेक: आणि जाऊ कुठं? जितके अध्यक्ष, संचालक, मुख्याध्यापक असतील तितके तुम्ही पुस्तकांत सोलून ठेवलेत. एखादा तरी धड रचला असतात, तर त्याच्याकडं अर्ज टाकला असता.

बाप: धड माणूस माझ्या हातून उतरत नाही. काय करू? आजवर कुणाचं कौतुक लिहिलेलं नाही मी. आणि म्हातारपणी दर शनिवारी त्या ढोलाला चांगलं म्हणायला जाऊ? उभं राहून? मी तिथं जाऊन सरळ सांगतो. तू जिवंत आहेस तेवढं पुरे, आणखी मरून आम्हाला त्रास देऊ नकोस.

लेक: सांगा. बोट वर करतील.

बाप: शिव्या घालतो.

लेक: घाला. म्हणतील, आज लेखकांना भरून आलं. आप्पा, मी सगळं करून बघितलंय. त्या खोलीत काहीही न्या, आत गेल्यावर त्याची श्रद्धांजली होते.

बाप: मग मी जातच नाही. काय करेल? गोदाम तर गोदाम. बाहेर कुठं दोन खोल्या बघू.

लेक: हो. आणि मी गोदामात बसेन, आणि तुम्ही त्यावर पुस्तक लिहाल. ‘गोदामातली लेक.’ लोक फायलीत घालून वाचतील.

बाप: असं बोलू नकोस.

लेक: मला ही नोकरी कशी लागली, माहीत आहे?

बाप: परीक्षा दिली होतीस ना.

लेक: परीक्षा देऊन टायपिस्ट झाले होते. स्वीय सहायक कशी झाले? आई गेली तेव्हा हॉल भरला होता. सगळे तुम्हाला म्हणत होते, दोन शब्द बोला. लेखक आहात, बोला. तुम्ही काय म्हणालात?

बाप: मला नाही आठवत.

लेक: म्हणालात, खोटं बोलायची मला सवय नाही, आणि खरं बोलायची ही जागा नाही. आणि उठून बाहेर गेलात. आईचा फोटो समोर, आणि कुणी काही बोलेना. मग मी उठले. काय बोलले ते मलाही आठवत नाही. ऑफिसातून साहेब आले होते, शेवटच्या रांगेत बसले होते. पुढच्याच आठवड्यात मला केबिनमध्ये बोलावून म्हणाले, तुझ्या आईला जे मिळालं, ते कितीजणांना मिळतं? पण तिनं ते ऐकलं नाही. मला ऐकून जायचंय. तेव्हा मला त्यांची दया आली होती. खरंच आली होती. म्हटलं, एकदा वाचलं तर काय बिघडतं?

बाप: मी बाहेर नव्हतो गेलो. म्हणजे गेलो होतो, पण दाराशीच उभा होतो. ऐकू येत नव्हतं. नुसता तुझा आवाज येत होता.

लेक: जाऊ द्या.

बाप: तू काय म्हणालीस, हे कुणाला तरी विचारायला हवं होतं मी. माझ्या तोंडात जीभ होती, पण लाज वाटली.

लेक: आप्पा, खाली भांडण सुरू झालंय. तो वॉचमन ओरडतोय गाडी काढा म्हणून. काय ते ठरवा.

बाप: माझा तो जाड शर्ट कुठाय?

लेक: जाणार आहात?

बाप: शर्ट विचारला. लगेच उड्या मारू नकोस.

लेक: दाराच्या मागं आहे. सकाळीच इस्त्री केलाय.

बाप: म्हणजे तुला ठाऊक होतं.

लेक: मला काहीच ठाऊक नव्हतं. शर्टाला इस्त्री केली, एवढंच.

बाप: हे बघ. मी जाईन. त्याला सांगेन, लिहिणार लेक, म्हणणार मी. दोघांना ठेवत असलास तर ठेव. आणि कुणाच्या हातात काय आहे, हे त्यानं आम्हाला शिकवू नये. एवढं बोललो म्हणून हाकललं तर हाकललं.

लेक: नाही हाकलणार.

बाप: तीच तर भीती आहे. बटण लाव हे वरचं. आज लगेच काही म्हणायला लावेल का?

लेक: लावतील. पाठ असेल ते म्हणा. शिपायाचंच म्हणा, आवडलंय त्यांना. टेबलापासून दोन हात लांब उभं राहायचं. फार मोठ्यानं नाही, बाहेर जातं. ‘होते’ म्हणताना थोडं थांबायचं. घाई केली की त्यांचा चेहरा पडतो.

बाप: मधे शिंक आली तर?

लेक: येऊ द्यायची. शोक समजतात.

बाप: आणि हसू आलं तर? मला येणारच ग. माझंच लिहिलेलं आहे.

लेक: खिडकीबाहेर बघायचं.

बाप: काय आहे खिडकीबाहेर?

लेक: काही नाही. भिंत आहे.